एअर रायफलच्या स्कोपवर कॅमेरा: आठ महिने वापरल्यानंतर

हा अनुभव लिहायला मी मुद्दाम आठ महिने थांबलो. पहिल्या महिन्यात लिहिला असता तर निम्मा चुकीचा ठरला असता.

आमचं घर गोव्यात वाळपईच्या बाजूला, मागे पोफळीचं कुळागर (सुपारीची बाग). कुळागराच्या कडेला 20 मीटरची सरळ जागा मोजून घेतली आहे. शेवटी चिऱ्याची भिंत आणि तिच्यापुढे जुने कपडे घट्ट भरलेली लाकडी पेटी. पेटीशिवाय भिंतीवर मारू नका, चिऱ्यावरून छर्रा उलटतो. रायफल 4.5 मिमीची, स्प्रिंगची, स्कोप म्हणजे नेम धरायची दुर्बीण 3-9x40 (मोठेपणा 3 ते 9 पट, पुढचं भिंग 40 मिमी), पुढच्या भिंगाला पॅरॅलॅक्सची, म्हणजे लक्ष्याच्या अंतराप्रमाणे जुळवायची कडी असलेला. मारतो फक्त कागदावर. शेजारी विचारतात, नारळावरची माकडं पळवायला वापर की. नाही वापरत. त्यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि तसं नसतं तरी वापरली नसती.

कॅमेरा हवा होता तो पुतणीसाठी. ती कॉलेजात आहे, नेमबाजी मनापासून शिकते. तिचे छर्रे सारखे उजवीकडे खाली जायचे. मी मागे उभा राहून कितीही पाहिलं तरी चाप ओढण्याच्या क्षणी नक्की काय होतं ते कळत नव्हतं. ते फक्त स्कोपमधून दिसतं, आणि त्या वेळी तिथे तिचा डोळा असतो.

सुरुवात आयपीसवर (स्कोपच्या डोळ्याकडच्या टोकावर) आवळायच्या फोनच्या अडॅप्टरने केली. स्वस्त, लगेच बसणारा. पण दोन गोष्टी आधीच सांगतो. एक, तो आयपीसच्या ज्या भागाला पकडतो तो भाग फिरतो का ते पाहा. माझ्या स्कोपची फोकसची कडी अगदी मागच्या टोकाला आहे. अडॅप्टर तिलाच धरायचा, आणि फोन सरळ करताना फोकस हलायचा. शेवटी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून पकड पुढच्या स्थिर भागावर घेतली. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. स्प्रिंग रायफल आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी झटका देते. फोनच्या कॅमेऱ्यातली भिंग स्थिर ठेवणारी नाजूक यंत्रणा त्यासाठी बनलेली नसते. तीन आठवड्यांत माझ्या फोनचं चित्र थरथरायला लागलं, ते आजतागायत थांबलेलं नाही. दुरुस्तीवाल्याने कॅमेराच बदलायला सांगितला. स्प्रिंग रायफलवर रोजच्या वापरातला फोन लावू नका, जुना पडून असलेला असेल तर तो लावा.

तरी फोनने एक गोष्ट शिकवली: कॅमेरा आयपीसपासून किती अंतरावर हवा. स्कोप उजेडाकडे धरा (सूर्याकडे कधीच नाही) आणि आयपीसच्या मागे पांढरा कागद मागेपुढे करा. एका ठिकाणी उजेडाचा गोल सगळ्यात लहान होतो आणि त्याची कडा एकदम धारदार दिसते. कॅमेऱ्याची भिंग बरोबर तिथे यायला हवी. माझ्या स्कोपला ते अंतर 85 मिमीच्या आसपास आलं. अलीकडे-पलीकडे गेलात की चित्राभोवती काळी कड वाढत जाते. त्या गोलाचा व्यास म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास भागिले मोठेपणा. म्हणजे 9 पटीला 40 भागिले 9, जेमतेम साडेचार मिमी, आणि 4 पटीला 10 मिमी. म्हणूनच 9 पटीवर कॅमेरा केसभर सरकला तरी चित्र काळं पडतं, तर 4 पटीवर तो बराच माफ करतो. आम्ही चित्रण नेहमी 4 ते 5 पटीवरच करतो.

जानेवारीत दुसरी सोय केली, आणि तीच आजवर चालू आहे. आयपीसमागे बसणारी एक डबी, आत 45 अंशांत अर्धपारदर्शक काच. थोडा उजेड बाजूच्या छोट्या ॲक्शन कॅमेऱ्याकडे वळतो, उरलेला सरळ डोळ्यापर्यंत येतो. मारणारा नेहमीसारखा स्कोपमधून पाहतो, हेच तिचं मोठं सुख. फोनच्या पडद्याकडे बघून नेम धरायची सवय लागली तर मान आणि गाल दोन्ही चुकीच्या जागी जातात. तोटा म्हणजे संध्याकाळी पोफळींच्या सावलीत चित्र आधीच मंद, त्यात हा उजेड वाटला जातो. साडेपाचनंतर आम्ही रेकॉर्डिंग बंद करतो.

कॅमेऱ्याची मूळ भिंग रुंद दृश्याची होती, तिच्यातून स्कोपचा गोल मधोमध नाण्याएवढा दिसायचा. तिच्या जागी 25 मिमी फोकल लांबीची भिंग घातली. या छोट्या भिंगांचा आटा 12 मिमीचा, एका फेऱ्याला अर्धा मिमी पुढेमागे. मूळ भिंगेच्या आट्यावर गोंद असतो, हेअर ड्रायरने गरम करून ती सोडवावी लागली. नवीन बसवली आणि चित्र गढूळ. रात्री पडवीत बसून फिरवत होतो, जमेना.

25 मिमीची भिंग मिमीच्या दहाव्या भागाएवढी, म्हणजे फेऱ्याचा पाचवा हिस्सा बाहेर काढली की फोकस अनंतावरून (खूप लांबच्या वस्तूंवरून) थेट सहा मीटरवर येतो. इतकं ते नाजूक. आटा ढिला असेल तर नुसत्या धक्क्यानेही तेवढं हलतं. नळाला लावतात ती पांढरी टेफ्लॉन टेप एक वेढा दिली, तेव्हा भिंग घट्ट पण फिरणारी झाली. मग स्कोपवर लावण्याआधी कॅमेरा उघड्यावर नेऊन पलीकडच्या डोंगरावरच्या मोबाइल टॉवरवर फोकस केला. टॉवरच्या सळ्या वेगवेगळ्या दिसायला लागल्यावर हात काढला.

डबीवर लावला, तरी गढूळच.

खरी अडचण इथे होती, आणि ती सापडायला मला आठवडा लागला. दोष माझ्या चष्म्यात होता. माझा नंबर उणे पावणेदोन. मी स्कोपच्या आयपीसची कडी चष्मा काढून फिरवली होती, क्रॉसहेअर (स्कोपमधली नेमाची फुली) माझ्या उघड्या डोळ्याला स्वच्छ दिसेपर्यंत. म्हणजे स्कोपमधून बाहेर येणारा उजेड समांतर नव्हताच, तो सुमारे 57 सेंटीमीटरवरून आल्यासारखा येत होता. माझ्या डोळ्याला ते सोयीचं, पण अनंतावर फोकस केलेल्या कॅमेऱ्याला नाही. फोन स्वतःच फोकस जुळवून घेत होता, म्हणून तोवर हे कळलंच नाही. पुतणीला चष्मा नाही. ती महिनाभर म्हणत होती, "काका, मला क्रॉस जरा ओढून बघावा लागतो, डोळे दुखतात." मी ते उगाचची कुरबूर समजलो होतो.

चष्मा लावून कडी पुन्हा जुळवली. स्कोप पांढऱ्या भिंतीकडे धरून दोन सेकंद बघायचं, नजर काढायची, पुन्हा बघायचं. टक लावून पाहिलं तर डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि फसवतो. मग पुढची कडी 20 मीटरवर, डोकं किंचित हलवलं तरी क्रॉस कागदावरून सरकणार नाही इतपत. त्यानंतर कॅमेरा लावला तर चित्र पहिल्याच झटक्यात स्वच्छ, कागदावरच्या छर्र्यांच्या भोकांच्या फाटलेल्या कडांसकट. पुतणीलाही क्रॉस स्वच्छ दिसला. कॅमेरा म्हणजे नंबर नसलेला एक डोळा. आयपीस आधी निरोगी डोळ्यासाठी लावा आणि नंतर कॅमेऱ्याला हात लावा, हा क्रम उलटू नका.

आणखी काही गोष्टी, जशा आठवतील तशा. डबीत एकच आरसा असल्याने चित्र डावं-उजवं उलटं येतं, कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ते फिरवून घ्या. आम्ही दोन दिवस उजव्या चुकीला डावी समजून सुधारत होतो. गोलाभोवतीच्या काळ्या भागामुळे कॅमेरा आपोआप उजेड वाढवतो आणि चित्रात कागद नुसता पांढराफटक होतो, तेव्हा एक्सपोजर (कॅमेरा किती उजेड घेतो ते) मधल्या भागावर धरून थोडं उतरवून ठेवा. क्रॉस सरळ करायला आंब्याच्या फांदीला गवंड्याचा ओळंबा टांगला. आधी स्कोप त्या दोरीशी जुळवला, मग कॅमेरा.

वजनाचा त्रास मात्र खराच. डबी आणि कॅमेरा मिळून दोनशे ग्रॅमच्या वर जातात, आणि स्प्रिंगच्या झटक्यात ते सगळं ओझं स्कोपच्या माउंटवर (स्कोप रायफलीला धरून ठेवणाऱ्या पकडीवर) येतं. फेब्रुवारीत स्कोप रायफलीवरच्या 11 मिमीच्या रेलवर जवळजवळ दोन मिमी मागे सरकला, नेम सगळा बिघडला. मग खाली अडवणारी पिन असलेला एकसंध माउंट घेतला, तेव्हापासून हललेला नाही. कॅमेऱ्यावर खर्च करण्याआधी माउंटवर करा असं मी कोणालाही सांगेन. डबीचा पहिला अडॅप्टर फोंड्याच्या एका मुलाने थ्रीडी प्रिंटरवर पीएलए प्लास्टिकमध्ये छापून दिला होता. मे महिन्यात गाडीत राहिला आणि वाकला. दुसरा पीईटीजी प्लास्टिकचा आहे, तो अजून सरळ आहे.

आणि ज्यासाठी हे सगळं केलं ते. सेकंदाला 120 फ्रेमनी चित्रण करतो. उन्हात छर्रा कागदाकडे जाताना शेवटच्या काही फ्रेममध्ये ठिपक्यासारखा दिसतो. पण पाहायचं असतं ते त्याच्या आधीचं. मार्चमध्ये एका दुपारी पडवीत लॅपटॉपवर तिचा एक शॉट एकेक फ्रेम करत पाहिला. क्रॉस काळ्या वर्तुळाच्या मध्यावर जवळजवळ स्थिर होता. मग झटका यायच्या बारा-तेरा फ्रेम आधीच तो हळूच उजवीकडे खाली उतरायला लागला. ती स्वतःच बोट दाखवून म्हणाली, "काका, गोळी सुटायच्या आधीच मी घाबरतेय बघा. हात आवळतोय माझा." त्यानंतर रिकाम्या रायफलीचा चाप ओढायचा सराव करावा असं तिला वाटत होतं, पण स्प्रिंग रायफल छर्र्याशिवाय सोडली तर पिस्टन आदळून खराब होतो. म्हणून चाप पूर्ण न ओढता बोट फक्त पहिल्या टप्प्यापर्यंत नेऊन थांबायचं, आणि क्रॉस हलला का ते कॅमेऱ्यात पाहायचं, असा सराव ठरवला. एप्रिलअखेर उजवीकडचा कल गेला. खालचा थोडा आहे.

आता पावसाने कुळागरात पाय ठेवू देत नाही. डबी, भिंग आणि कॅमेरा रबरी कडा असलेल्या हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवले आहेत. पुड्या दर पंधरवड्याला तव्यावर मंद आचेवर सुकवतो. गेल्या वर्षी जुन्या दुर्बिणीच्या भिंगेवर बुरशीची जाळी धरली होती, तिचा धडा आहे. एसीच्या खोलीतून काढून थेट बाहेर नेऊ नका, भिंगेवर दव धरतं. अर्धा तास डबा बंदच ठेवून पडवीत ठेवला की पुरतो. परवा उघाड पडली तेव्हा दहा शॉट मारले. सात काळ्याच्या आत, तीन अजून खाली.