दिवाळी अंकाला पैसे कुणाचे घ्यायचे? जाहिरात, बाहेरचा प्लॅटफॉर्म की आगाऊ नोंदणी

सांगली-मिरजेत चार पोरं मिळून स्वतःचा छोटा दिवाळी अंक किंवा कॉमिक काढायचं ठरवतात तेव्हा पहिल्यांदा बघतात की पैसे कुठून जास्त मिळतील. माझं म्हणणं, आधी हे बघा की एखादी कथा खटकली म्हणून तुमचा पैसा कोण बंद करू शकतो आणि त्याला जाब कुठं विचारता येतो.

जाहिरात सगळ्यात सोपी. मलपृष्ठ एखाद्या कारखान्याला नाहीतर पतसंस्थेला दिलं की छपाईचं बरंचसं बिल सुटतं. पण ऊसबिल थकलेल्या शेतकऱ्याची गोष्ट छापायची असेल तर? ऊस घातल्यापासून १४ दिवसांत बिल द्यायचं हा १९६६ पासूनचा नियमच आहे, म्हणजे गोष्टीत बेकायदा काहीच नाही, तरी जाहिरात जाऊ शकते, आणि "ही गोष्ट काढा" असं कुणी म्हणत नाही, नुसतं "यंदा बजेट नाही ओ" म्हणतात. त्याहून वाईट म्हणजे पुढच्या वर्षी लिहिणाराच ती गोष्ट मनातच दाबतो. सरकारनं अडवलं तर निदान कागद तरी हातात असतो, तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर' नाटकावर बंदी आली तेव्हा नाटकवाले हायकोर्टात जाऊन जिंकले. न आलेल्या जाहिरातीवर कुठल्या कोर्टात जाणार?

मग वाटतं की बाहेरचा प्लॅटफॉर्म, म्हणजे परदेशी वेबसाइटवर विकणं बरं, तिथं आपल्याला कोण ओळखतंय. वाचक जगभर मिळतो हे खरं, पण पैसा शेवटी कार्ड कंपन्या आणि पेमेंट प्रोसेसर (ऑनलाइन पैसे वाचकाकडनं विकणाऱ्यापर्यंत पोचवणाऱ्या कंपन्या) यांच्या हातातनं येतो. २०१२ मध्ये पेपाल या पेमेंट कंपनीनं स्मॅशवर्ड्स या ई-बुक विकणाऱ्या साइटला काही प्रकारच्या कामुक कादंबऱ्या काढून टाकायला सांगितलं होतं, लेखक-वाचकांनी आरडाओरडा केला तेव्हा कुठं माघार घेतली. जुलै २०२५ मध्ये इच डॉट आयओ या गेम-कॉमिक्स विकायच्या साइटनं प्रोसेसरच्या दबावामुळं प्रौढांसाठीचे गेम आणि कॉमिक्स सर्चमधनं एकदम गायब केले, त्यात कायद्यात बसणारी कामंही गेली. त्याच महिन्यात स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानानंही असे गेम काढून टाकले. मास्टरकार्ड म्हणालं आम्ही कुठल्याच गेमवर निर्बंध घालायला लावले नाहीत, स्टीमवाले म्हणाले प्रोसेसर आणि बँका मास्टरकार्डच्याच नियमाकडं बोट दाखवत होत्या. म्हणजे बंद झालं, आणि बंद कुणी केलं ते कुणीच कबूल करत नाही. मला याचा खरंच राग येतो.

आगाऊ नोंदणीत मेहनत जास्त, पैसा थेंबाथेंबानं. समजा अंक २५० रुपयांना ठेवला तर ५० हजाराला २०० माणसं लागतात, विश्रामबागपासून तासगावपर्यंत ओळखी काढाव्या लागतात, यूपीआयचा स्कॅनर घेऊन फिरावं लागतं. पण चिडून एक वाचक गेला तर २५० जातात, अंक जात नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ ला सांगलीत पहिलं नाटक केलं ते पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयावर, १८५१ ला चिंतामणराव गेले आणि आश्रय आटला, तेव्हा मंडळी गावोगाव खेळ करत १८५३ ला मुंबईला पोचली. नाटक टिकलं ते तिकीट काढणाऱ्यांमुळं.

म्हणून मी तरी छपाईचा खर्च नोंदणीतनंच काढा म्हणेन. त्यावर जाहिराती घ्या, पण एक मोठी घेण्यापेक्षा हरभट रोडवरच्या दहा दुकानांच्या छोट्या घ्या, पैसे आधी घेऊन. प्लॅटफॉर्मवर पीडीएफ खुशाल विका, फक्त वाचकांचे नंबर आणि मूळ फाइल स्वतःकडं ठेवा. आणि नोंदणी गणपतीच्या आधीच सुरू करा, दसऱ्यानंतर प्रेसवाले नवीन काम हातात घेत नाहीत.