"ब्रेक-इन केलं नसणार तुम्ही" म्हणत बँडसॉच्या ब्लेडमध्ये आम्हाला कसं फसवलं

शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं जॉबवर्कचं युनिट आहे. ईएन 8, ईएन 24 या ग्रेडच्या स्टीलचे राऊंड बार बँडसॉवर (पट्टीचं जोडलेलं गोल ब्लेड फिरवून कापणारं मशीन) कापायचे आणि टर्निंगला सोडायचे, हेच दिवसभर चालू असतं. ब्लेड लागतं 27 बाय 0.9 मिमी, बायमेटल (पाठ स्प्रिंग स्टीलची, दाताचं टोक हायस्पीड स्टीलचं), एम 42 म्हणजे त्या हायस्पीडचा ग्रेड. ज्यांच्याकडं बँडसॉ आहे त्यांना ब्लेडचा खर्च किती बसतो ते सांगायला नको. एक डीलर आला, नेहमीच्या जवळपास निम्म्या रेटमध्ये "तेच ब्लेड" देतो म्हणाला. ब्लेडवर नामांकित कंपनीचं नाव छापलेलं, एम 42 छापलेलं, बॉक्सपण तसाच. "मालक, कॉइल ओरिजिनल हाय, वेल्डिंग तेवढं आमच्यात करतो म्हणून स्वस्त पडतंय." हे ऐकायला खरं वाटतं, कारण चांगले डीलरसुद्धा कॉइल आणून गिऱ्हाईकाच्या मापाला तोडून जॉइंट मारून देतात, त्यात गैर काहीच नाही. घेतला एक लॉट.

एक ब्लेड जॉइंटवर तुटलं, दुसऱ्याचे दात ईएन 24 वर बघता बघता बोथट, कट तिरका जायला लागला. फोन केला तर पलीकडनं पहिलंच वाक्य, "ब्रेक-इन केलं नसणार तुमच्या ऑपरेटरनं." ब्रेक-इन म्हणजे नवीन ब्लेड सुरुवातीला कमी फीडवर (ब्लेड बारमध्ये उतरायचा वेग) चालवून दात बसवून घेणं. हा यांचा हुकमी एक्का आहे, कारण बऱ्याच शॉपमध्ये खरंच कोणी करत नाही, नवीन ब्लेड चढवलं की फुल फीड, मग समोरचा असं बोलला की मालक गप्प बसतो.

पण आमच्या मशीनवर जे मामा आहेत ते या बाबतीत कडक आहेत. नव्या दाताचं टोक अगदी बारीक असतं, पहिल्याच कटला दाबलं तर ते झिजत नाही, तुटतं, आणि मग ब्लेडचं आयुष्य तिथंच गेलं. म्हणून ब्लेडचा स्पीड मटेरियलला लागतो तोच ठेवायचा (ईएन 8 ला आम्ही 50-60 मीटर प्रति मिनिट ठेवतो), फीड मात्र निम्म्यावर आणायचा आणि साधारण 300 ते 600 चौरस सेंमी कापून होईपर्यंत तसंच चालवायचं. 100 मिमीचा बार असेल तर एक कट 78 चौरस सेंमीचा, म्हणजे चार ते आठ कट. मग फीड हळूहळू वाढवायचा. फीड इतकापण कमी नको की चिप्सची पावडर पडेल, तेव्हा दात नुसता घासतोय समजायचं. निळ्या जळक्या चिप्स आल्या तर फीड जास्त. चंदेरी, वळलेल्या, हाताला कोमट लागणाऱ्या चिप्स पाहिजेत. आणि जुन्या ब्लेडनं अर्धा कापलेला खाचा असेल तर नवीन ब्लेड त्यात कधीच घालायचं नाही, बार फिरवून नवीन ठिकाणी सुरू करायचं. हे सगळं मामा वहीत लिहितात, कूलंटचं रीडिंगसकट. वहीचे फोटो पाठवले.

मग गाडी मशीनवर घसरली. "तुमचे गाईड (ब्लेडला सरळ धरणारे भाग) गेलेत" म्हणून डीलरनंच टेक्निशियन पाठवला. गाईडमधले कार्बाइड पॅड बदलले म्हणून वेगळं बिल. आता गंमत बघा, जुन्या एका पॅडचा कोपरा उडालेला होता आणि मामांनी खोलायच्या आधी मोबाईलवर फोटो काढून ठेवला होता. "नवीन" पॅडचा कोपरा बरोब्बर तिथंच उडालेला! तोंडावरनं ग्राइंडिंगचं चाक मारून, पुसून, तेच पॅड परत बसवलेलं. तेव्हा डोकंच फिरलं.

तुटलेला तुकडा ग्राइंडरवर नेला. शेजारी जुन्या खऱ्या ब्लेडचा तुकडा. फक्त दाताचं टोक हलकं टेकवायचं, कारण पाठ दोन्हींची स्प्रिंग स्टीलची असते, ती घासली तर कुठलंही ब्लेड उजळ ठिणग्या देतंच. खऱ्या एम 42 च्या टोकाला ठिणग्या मोजक्या, मळकट तांबूस, फुटत नाहीत. याच्या टोकाला फुलबाजी, पांढऱ्या-पिवळ्या फुटणाऱ्या ठिणग्या. म्हणजे सरळ कार्बन स्टील. कार्बन स्टीलचा दात दोनशे डिग्रीच्या आसपास मऊ पडायला लागतो, हायस्पीड सहाशेच्या जवळपास टिकतं, मग ईएन 24 वर ते काय तग धरणार. ब्रेक-इन केलं काय आणि न केलं काय.

जॉइंटचं पण बघून घ्या. वेल्ड मारल्यावर तो भाग परत तापवून सावकाश थंड करायला लागतो, नाहीतर काचेगत ठिसूळ राहतो. घ्यायच्या आधी जॉइंट हातात धरून हलका वाकवा, दोन्हीकडं सारखा गोल आला पाहिजे, कोपरा पडला तर घेऊ नका. आणि तुटल्यावर कुठं तुटलं ते नक्की बघा. जॉइंटवर सरळ तुटलं तर दोष वेल्डिंगचा. दुसरीकडं, दाताच्या बुडातनं किंवा पाठीकडनं चीर गेली असेल तर आपलं टेन्शन, गाईड, मागचं बेअरिंग तपासायचं. डीलर मुद्दाम दोन्ही एकात कालवतो.

बिलात फक्त "बँडसॉ ब्लेड, नग" एवढंच लिहिलेलं, ना कंपनी ना ग्रेड. खऱ्या कंपनीच्या माणसाला फोटो दाखवले तर तो म्हणाला छपाईच आमची नाही, पण बिलावर आमचं नावच नाही तर आम्ही काय करणार. वकिलाला विचारलं, तो म्हणाला 2019 च्या ग्राहक कायद्यात धंद्यासाठी घेतलेला माल साधारण बसत नाही, स्वतः राबून पोट भरण्यापुरता धंदा असेल तर बसतो, आणि आपल्यात कामाला माणसं आहेत म्हणून वाद होणार. डीलर म्हणतो पुढच्या ऑर्डरमध्ये ॲडजस्ट करू. पुढची ऑर्डर कोण देतोय याला! कंपनी, ग्रेड आणि बॅच नंबर पक्क्या बिलावर लिहून देत नसेल तर आम्ही आता ब्लेड बॉक्समधनं बाहेर पण काढत नाही. त्याची उरलेली ब्लेडं मामा ॲल्युमिनियमला वापरतायत, जॉइंट टिकतोय तोवर.