‘वहिनी, सरकारी फॉर्म भरू नका’ म्हणाला आणि 1,590 डॉलर घेऊन गेला

न्यू जर्सीत आमच्यासारखी कागद नसलेली मराठी घरं आहेत. लाज वाटते, तरी त्यांच्यासाठी लिहितेय.

आमचा व्हिसा 2021 मध्ये संपला. मुलगा नऊ वर्षांचा, भारतात जन्मलेला, दम्याचा त्रास. मुलगी इथलीच. गणपतीत ओळख झालेला एक जण ‘फॅमिली हेल्थ कार्ड’ घेऊन घरी आला. नोंदणीचे 400 डॉलर, मग दरमहा 170. सात महिने भरले.

कार्ड हातात आलं तेव्हाच कळायला हवं होतं. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलं होतं, की हा इन्शुरन्स नाही. मी ते वाचलं. विचारलंही. “वहिनी, ते कायद्यासाठी लिहावं लागतं,” म्हणाला, आणि मी गप्प बसले! पावती मागितली तर “आपल्या माणसात कसली पावती?” मी शिकलेली आहे, बी.कॉम. आहे. पण रात्री पोराची छाती घरघरते तेव्हा माणूस आधार शोधतो, कलमं वाचत नाही.

फेब्रुवारीत इमर्जन्सीत न्यावं लागलं. काउंटरवर कार्ड चाललं नाही. उपचार मात्र झाले, कारण 1986 च्या कायद्याने इमर्जन्सीत तपासणी आणि जीव सावरण्यापुरते उपचार नाकारता येत नाहीत, कागद असोत वा नसोत. बिल आलं 2,318 डॉलरचं. बिलाच्या खिडकीवरच्या बाईंकडून चॅरिटी केअरचा, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांचं हॉस्पिटलचं बिल माफ किंवा कमी करण्याचा, अर्ज मिळाला. तुम्हीही मागून घ्या, आपणहून कोणी देत नाही.

त्याच बाईंनी सांगितलं, की जानेवारी 2023 पासून या राज्यात 19 वर्षांखालच्या मुलांना, उत्पन्न मर्यादेत असेल तर, कागदांशिवायही एनजे फॅमिलीकेअर हा राज्याचा सरकारी आरोग्य विमा मिळतो. अर्जाला एक पैसा लागत नाही. मुलगी तर जन्माने नागरिक, तिचा हक्क आधीपासूनच होता. तिचेही पैसे त्याने घेतले.

“फॉर्म भरलात तर नाव इमिग्रेशनकडे जातं,” हेच तो घोकत होता. ती भीती मी उगाच बाळगली नव्हती. 2025 मध्ये मेडिकेडमधल्या, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी आरोग्य विम्यातल्या, लोकांची माहिती त्या खात्याला दिल्याच्या बातम्या आल्याच. पण हे विचारायचं ते फुकट सल्ला देणाऱ्या संस्थेतल्या वकिलाला. एजंटला कधीच नाही.

पोलीस म्हणाले, हा दिवाणी मामला. ग्राहक तक्रारीच्या खात्याने नंबर दिला आणि अकरा आठवडे काही नाही. फोनवर दुभाषा मागितला तर हिंदीचा, तोही चाळीस मिनिटांनी. वकिलातीत सांगितलं, स्थानिक पोलिसांकडे जा. म्हणजे पुन्हा तिथेच! प्रत्येक खिडकीवर पहिला प्रश्न आमच्या कागदांचा. त्याचे कागद कोणीच विचारले नाहीत. आम्ही तक्रार करणार नाही, यावरच त्याचा धंदा चालतो.

कार्ड घेण्याआधी दवाखान्यात फोन करून विचारा, हे चालतं का. कम्युनिटी हेल्थ सेंटरमध्ये उत्पन्न पाहून फी लावतात, दम्याचा पंपही मला तिथेच स्वस्तात मिळाला.

त्याने नंबर बदललाय. मागच्या आठवड्यात शेजारच्या ताईंना तेच कार्ड दाखवत होता, नोंदणीचे आता 550 सांगतोय.