प्रागमध्ये युरो बदलताय? पावती जपा, तीन तास तुमच्या हातात असतात

प्रागला जाणार असाल तर एक गोष्ट आधी मनाशी पक्की करा. चेक प्रजासत्ताक २००४ पासून युरोपीय संघात आहे, शेंगेन व्हिसावर तिथे जाता येतं, पण तिथलं चलन युरो नाही, कोरुना आहे. आपल्याकडचे बहुतेक जण व्हिएन्ना-प्राग-बुडापेस्ट असा बेत आखतात. व्हिएन्नाहून रेल्वेने चार तासांत प्राग येतं, खिशात युरो असतात, आणि स्टेशनपासूनच पैसे बदलून देणाऱ्या खिडक्या दिसायला लागतात. फसवणूक इथेच होते. भरदिवसा, काचेच्या खिडकीतून, छापील पावती हातात देऊन. माझ्या बाबांना असंच लुबाडलं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

बाबांनी कोल्हापुरात बँकेत कॅशियर म्हणून आयुष्य काढलं. नोट हातात आली की ती खरी की खोटी हे त्यांच्या बोटांना कळतं. त्यामुळे फसतात ते निष्काळजी लोक, असं कुणी म्हणू नये.

प्रागचा जुना भाग खरोखर पायी फिरायचा आहे. बारूद मनोऱ्यापासून निघालं की जुन्या शहराचा चौक, तिथलं १४१० सालचं खगोलीय घड्याळ, मग वळणावळणाच्या गल्ल्यांतून दहा मिनिटांत चार्ल्स पूल, आणि पुलापलीकडे टेकडीवर किल्ला. राजांच्या राज्याभिषेकाची मिरवणूक याच वाटेने जायची. १३५७ मध्ये पायाभरणी झालेला तो पूल, त्यावरचे दोन्ही बाजूंचे पुतळे, खाली व्ल्टावा नदी. आई-बाबांना गुडघेदुखी विसरायला लावेल असं शहर आहे. पण जगभरातून आलेले पर्यटक याच एका वाटेने चालतात, आणि लुटणाऱ्या खिडक्याही नेमक्या याच वाटेवर आहेत. दोन-चार गल्ल्या बाजूला गेलं तर बरा दर देणारी दुकानं आहेत, पण पाय दुखत असलेला, दुसऱ्या दिवशी निघायची घाई असलेला माणूस बाजूला जात नाही, हे त्या लोकांना पक्कं माहीत असतं.

चौकातून पुलाकडे जाताना अशाच एका खिडकीशी बाबा थांबले. बाहेर ठळक अक्षरांत ‘कमिशन शून्य टक्के’. फलकावर युरोच्या झेंड्याशेजारी मोठा आकडा: २४.६०. सकाळी हॉटेलात कळलेला दरही साडेचोवीसच्या आसपासचाच होता, त्यामुळे शंका यावी असं काही नव्हतं. आईला मी पाणी आणायला शेजारच्या दुकानात घेऊन गेले होते. बाबांनी तीनशे युरो आत सरकवले. आतल्या माणसाने एक कागद पुढे केला, पेन दिलं, ‘साइन, साइन’ म्हणाला, आणि पैसे बाहेर आले. बाबांनी खिडकीपाशीच ते मोजले. दोन हजारांच्या दोन नोटा, गायिका एमा देस्तिनोवाचं चित्र असलेल्या. हजाराची एक, इतिहासकार पालात्स्कीच्या चित्राची. शंभराची एक, आणि एक पन्नासचं नि दोन वीसची नाणी. प्रत्येक नोट उजेडाकडे धरून त्यांनी जलचिन्ह पाहिलं. पावतीवर ५,१९० कोरुना, हातात ५,१९० कोरुना. हिशेब पैशाला पैसा जुळला.

लबाडी होती ती दरात. फलकावरचा २४.६० हा आकडा ते युरो *विकतात* तेव्हाचा. तुमच्याकडून युरो *घेताना*चा दर शेजारच्या बारीक रकान्यात असतो, आणि तो होता १७.३०. चेक भाषेत हे रकाने ‘नाकुप’ म्हणजे खरेदी आणि ‘प्रोदेय’ म्हणजे विक्री असे लिहिलेले असतात, आणि ती खरेदी-विक्री दुकानदाराच्या बाजूने असते. युरो देऊन कोरुना घेणाऱ्याने फक्त नाकुपचा रकाना बघायचा. कमिशन शून्य हेही खरंच असतं, कारण सगळी कमाई दरातच काढलेली असते. तीनशे युरोचे सव्वासात हजारांच्या वर कोरुना मिळायला हवे होते. दोन हजारांहून जास्त कोरुना, म्हणजे आपले आठ हजार रुपये, एका सहीत गेले.

पुलाच्या तोंडाशी बसलो असताना बाबांनी खिशातून ती पावती काढून पुन्हा वाचली. पावती नीट घडी घालून ठेवायची त्यांची जुनी सवय. ‘अगं, हा सतरा कसला आकडा आहे बघ जरा,’ म्हणाले. मी फोनवर गुणाकार केला आणि पोटात खड्डा पडला. बाबा काहीच बोलेनात. उन्हात बसलेल्या त्यांचा चेहरा उतरलेला बघून मला त्या खिडकीतल्या माणसाचा जो संताप आला, तो अजून गेलेला नाही. आयुष्यभर दुसऱ्याच्या पै-पैचा हिशेब चोख ठेवलेला माणूस तो.

मी हॉटेलला फोन लावला. काउंटरवरच्या मुलीने पहिला प्रश्न विचारला तो असा: पावती आहे का, आणि तीवर वेळ काय आहे? पावतीवर ११:४२ होते, घड्याळात पावणेदोन. ‘मग लगेच परत जा,’ ती म्हणाली.

ही माहिती प्रत्येक मराठी पर्यटकापर्यंत पोहोचायला हवी. १ एप्रिल २०१९ पासून चेक कायद्यात अशी तरतूद आहे की चलन बदलल्यापासून तीन तासांच्या आत ग्राहक तो व्यवहार रद्द करू शकतो. रक्कम एक हजार युरोच्या बरोबरीपर्यंत असेल तर कारण सांगावं लागत नाही, त्यासाठी शुल्क घेता येत नाही. पावती मात्र हवी, आणि मिळालेले कोरुना परत द्यायचे, त्यामुळे तेवढे पैसे खर्च करून बसू नका. या दुकानांवर देखरेख असते ती चेक नॅशनल बँकेची, आणि तिची मोठी इमारत त्याच भागात, ना प्रशिकोपे रस्त्यावर, बारूद मनोऱ्याजवळ आहे.

आम्ही परत गेलो. खिडकीतला माणूस आधी म्हणाला, मशीन बंद झालंय. मग म्हणाला, सही केली आहे, आता काही होणार नाही. मग उद्या या म्हणाला. मी पावती आणि कोरुना काचेसमोर धरले आणि ‘स्तोर्नो (म्हणजे व्यवहार रद्द), तीन तास, नॅशनल बँक’ एवढंच मोडक्यातोडक्या शब्दांत पुन्हा पुन्हा, आवाज न चढवता म्हणत राहिले. मागे रांग लागली होती, आणि रांगेतले लोक ऐकू लागले होते. शेवटी त्याने पन्नासच्या सहा नोटा काढून दिल्या. बाबांनी त्याही मोजल्या, उजेडाकडे धरून पाहिल्या, मगच खिडकी सोडली.

ग्रुप टूरने जाणाऱ्यांना हे जास्तच कळकळीने सांगते. टूरवाले चौकात सोडतात, दोन तास मोकळा वेळ देतात, मग बस पुढच्या गावाला निघते. हॉटेलवर जाऊन हिशेब मांडेपर्यंत हक्काची मुदत संपलेली असते. पावती तिथेच, खिडकीपासून चार पावलांवर वाचा. त्याहून चांगलं म्हणजे युरो आत सरकवण्याआधी विचारा: शंभर युरोचे हातात किती कोरुना मिळणार? आकडा कागदावर लिहून मागा. टाळाटाळ झाली तर पुढे चला.

तीन तासांचा हा कायदा दुकानातल्या व्यवहाराला आहे. एटीएमला नाही. पर्यटकांच्या वाटेवर, खाऊच्या दुकानांच्या मधोमध उभी केलेली एटीएम टाळा आणि बँकेच्या शाखेच्या भिंतीतलं एटीएम शोधा. तिथेही पडद्यावर ‘तुमच्या चलनात रूपांतर करू का’ असं विचारतील. नाही म्हणायचं. हॉटेलात कार्डाच्या मशीनवर रुपये, युरो की कोरुना असं आलं तर कोरुनाच निवडायचं. युरो भरलेलं फॉरेक्स कार्ड असेल तर कोरुना खर्चताना त्यावर सहसा वेगळं शुल्क लागतं, ते निघण्यापूर्वी आपल्या बँकेत विचारून घ्या.

आणि रस्त्यावर जवळ येऊन ‘चेंज, चेंज, चांगला दर’ म्हणणाऱ्या माणसाशी बोलूच नका. तो दर खरंच चांगला सांगतो, पण हातात ठेवतो त्या नोटा दुसऱ्याच देशाच्या. रद्द झालेले बेलारूसचे रुबल देतात, किंवा हंगेरीचे फोरिंट. हजाराचा फोरिंट खरा असतो, पण त्याची किंमत साठ-पासष्ट कोरुनांच्या आसपास. नवख्या माणसाला हजार हा आकडा तेवढा दिसतो. चेक नोटेवर ‘चेस्का नारोद्नी बांका’ हे बँकेचं नाव छापलेलं असतं, निघण्यापूर्वी इंटरनेटवर त्या नोटांची चित्रं घरातल्या मोठ्यांना एकदा दाखवून ठेवा. असं काही घडलंच तर पोलिसांचा नंबर १५८.

मुळात रोख फारशी लागतच नाही. ट्राममध्ये कार्डाने तिकीट निघतं, उपाहारगृहांत, दुकानांत कार्ड चालतं. सार्वजनिक स्वच्छतागृहांसाठी सुट्टी नाणी आणि एखाद्या टपरीवर द्यायला थोड्या नोटा, एवढ्यासाठी माणशी पाचशे-हजार कोरुना पुरतात. तीनशे युरो एकदम बदलायची आम्हालाही गरज नव्हती. परत मिळालेल्यातले पन्नास युरो बाबांनी दुसऱ्या दिवशी, चार खिडक्यांवर शंभर युरोचा आकडा लिहून घेऊन, पाचवीवर बदलले.