अलहंब्रा : पाण्याचा पाट बघायला तरी जा

नाशिकच्या आमच्या टूरवाल्याने स्पेनमधल्या ग्रानादाचा अलहंब्रा हा जुना किल्ला-महाल दोन तासांत उरकला, म्हणून एक स्टार कापला. आतल्या नास्रिद महालांच्या (नास्रिद म्हणजे तिथलं जुनं सुलतानांचं घराणं) तिकिटावर आत शिरायची वेळ छापलेली असते, पासपोर्टही लागतो. आमच्या ह्यांचा हॉटेलात राहिलेला! धावपळ नुसती.

सिंहांच्या चौकात 12 संगमरवरी सिंह कारंजं पाठीवर घेऊन उभे आहेत. 14व्या शतकातलं काम, सुंदरच.

पण आम्ही दिंडोरीकडचे द्राक्षबागायतदार, आमचे पाय अडकले हेनेरालिफेच्या, म्हणजे सुलतानांच्या शेजारच्या उन्हाळी महालाच्या बागेत. दार्रो नदीचं पाणी वरच्या अंगाला वळवून, मोटर नाही की पंप नाही, नुसत्या उतारावर पाटाने आणलंय. एका जिन्याच्या तर कठड्यातूनच पाणी वाहतं. मी कोपरापर्यंत हात बुडवला. गार! तेवढ्यात गाइडची शिट्टी.