प्रशियाच्या जुन्या पदकात मला १०५४ युरो १० सेंटचा चुना लागला, जर्मनीत असलं काही घेणाऱ्यांनी वाचा

रागात लिहितेय, त्यामुळे थोडं मागेपुढे होईल. प्रशियाची, म्हणजे जर्मनीतल्या जुन्या राज्याची, जुनी नागरी पदकं मी बर्लिनला आल्यापासून जमवतेय. नागरी म्हणजे लढाईतली नाहीत, इमानेइतबारे नोकरी केली, कुणाचा जीव वाचवला, लोकांसाठी काही काम केलं म्हणून राजाने दिलेली. महागडा छंद नाही माझा, एक-एक करून घेते, वाचून घेते. मी काही नवखी नाही हे आधीच सांगते, कारण हे ऐकल्यावर जो तो "अगं, नीट बघून घ्यायचं ना" म्हणतो आणि माझं डोकं फिरतं.

मला फसवलं ते जाहिरातीच्या साइटवर भेटलेल्या एका विकणाऱ्याने. असल्या माणसांची पद्धत तुम्हाला माहितीच आहे, आधी विश्वास बसवायचा. पहिलं पदक त्याने खरं दिलं. आल्गेमाइनेस एरेनत्साइखेन, म्हणजे सर्वसाधारण सन्मानचिन्ह, चांदीचं, ४५ युरो. हे १८१० पासूनचं, छोट्या सरकारी नोकरांना वगैरे मिळायचं, एका बाजूला मुकुटाखाली राजाची अक्षरं आणि दुसऱ्या बाजूला पानांच्या माळेत 'फेरडीन्स्ट उम डेन श्टाट', म्हणजे राज्याची सेवा. बाजारात ढिगाने मिळतं, त्यामुळे त्याची नक्कल करून कुणाला फारसं सुटत नाही. म्हणूनच स्वस्तातलं खरं मिळालं याचा अर्थ पुढचंही खरंच मिळेल असा अजिबात धरू नका.

मग मेसेजवर गप्पा. कुठल्या तुम्ही, जर्मन कुठे शिकलात. मी सांगितलं पुण्याची, मॅक्समुल्लर भवनात शिकले. आणि बोलता बोलता हेही सांगितलं की संस्कृतचा अभ्यासक मॅक्स म्युलर याला १८७४ मध्ये पूर ल मेरिट या प्रशियाच्या मोठ्या मानाच्या पदकाचा नागरी वर्ग मिळाला होता, तिथूनच मला या पदकांचं वेड लागलं. हे त्याने बरोब्बर लक्षात ठेवलं. त्याचा उपयोग पुढे सांगते.

दोन आठवड्यांनी म्हणाला माझ्याकडे एक रेटुंग्समेडाल्ये आहे. बुडणाऱ्याला, आगीत अडकलेल्याला वाचवणाऱ्याला मिळायचं ते पदक, १८३३ मध्ये सुरू झालेलं, जेमतेम पंचवीस मिलिमीटरचं, पुढे राजाचं डोकं, मागे ओकच्या पानांच्या माळेत 'फ्यूर रेटुंग आउस गेफार', म्हणजे संकटातून वाचवल्याबद्दल. बिस्मार्कला तरुणपणी मिळालं होतं, १८४२ मध्ये त्याने आपल्या मोतद्दाराला पाण्यातून बाहेर काढलं होतं म्हणून. विकणारे हे बिस्मार्कचं नाव हमखास घेतात, यानेही घेतलं. याच्याकडचं पदक प्रशियाचा राजा फ्रीडरिश विल्हेल्म चौथा याच्या काळातलं, सोबत १८५४ ची उरकुंडं, म्हणजे पदकासोबतचं सरकारी प्रमाणपत्र, कुणी नावाड्याने श्प्रे नदीतून पोर वाचवलं अशी. किंमत ६२० युरो, पोस्टाचे ८. कागदपत्रासकट हा भाव पटण्यासारखा होता. शंभर-दीडशे म्हणाला असता तर मी तिथेच थांबले असते.

पैसे ॲपवर 'मित्राला पाठवा' वाल्या ऑप्शनने मागितले, म्हणजे फी कापली जात नाही. त्यात खरेदीला संरक्षण नसतं हे मला माहिती होतं. पण पहिला व्यवहार तसाच झाला होता आणि या छंदातले निम्मे लोक एकमेकांना तसेच पैसे पाठवतात, मी काही जगावेगळं केलं नाही. तुम्ही मात्र करू नका, दोन-चार टक्के फी जाऊ दे.

आता ते, ज्याने माझी झोप उडाली. फोटो पाच होते. तिसरा कडेचा. त्यात कडेवर बारीक '८००', म्हणजे चांदीची शुद्धता, आणि त्याच्या शेजारी चंद्रकोर आणि मुकुट. मी तो फोटो मोठा करून पाहिला, नवऱ्याला दाखवला, आणि म्हणाले बघ, चांदीचा शिक्का आहे, म्हणजे माल खरा. अहो, तो चंद्रकोर-मुकुटाचा शिक्का जर्मनीत १ जानेवारी १८८८ पासून लागू झाला. आणि फ्रीडरिश विल्हेल्म चौथा २ जानेवारी १८६१ ला मेला. सत्तावीस वर्षं! दोन्ही तारखा मला पाठ आहेत, दोन्हीही. वेगवेगळ्या विचारलं असतं तर झोपेत सांगितल्या असत्या. पण शिक्का दिसला की माणसाला बरं वाटतं, आणि त्याने तो शिक्का त्यासाठीच मारलेला होता, ज्याला थोडंफार कळतं त्यालाच गाठायला. ज्याला काहीच कळत नाही तो कड बघतच नाही. तो फोटो अजून फोनमध्ये आहे आणि दिसला की अंगाची लाही होते. जुनं पदक आणि त्यावर शिक्का दिसला तर आधी राजाचं साल आणि शिक्क्याचं साल शेजारी शेजारी लिहा, मग पाकिटाला हात लावा.

पदक आलं, छान जुन्या डबीत. आणि त्याच आठवड्यात त्याने मासा गळाला लावला. बर्लिनमधल्या एका संस्कृतच्या प्राध्यापकाच्या घरातून पूर ल मेरिटचा नागरी वर्ग आलाय, तुम्ही भारतीय, तुमच्याकडेच जावा असं वाटतं, १९०० युरो, दुसरा गिऱ्हाईक थांबलाय, २०० ॲडव्हान्स पाठवा. हा वर्ग शास्त्रज्ञ-कलावंतांसाठी ३१ मे १८४२ ला निघाला, शास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट त्याचा पहिला चॅन्सलर, जर्मन सभासद एका वेळी फक्त तीस. खरा नग दहा हजारांच्या खाली मिळत नसतो. मी म्हटलं घरच्यांना किंमत माहिती नसेल. २०० पाठवले. संस्कृतचं नाव काढल्यावर कुठल्या पुणेकराचं मन हललं नसतं ते सांगा.

नशीब की उरलेले पाठवायच्या आधी मी रेटुंग्समेडाल्ये एका जुन्या जाणकार आजोबांना दाखवायला नेलं. त्यांनी कॅलिपर लावला, खऱ्याशेजारी ठेवलं, किंचित लहान. खरी पदकं ठशाने मारलेली असतात, अक्षरांच्या कडा कशा धारदार लागतात. हे साच्यात ओतलेलं, ओतीव माल थंड झाला की आकसतो. भिंगातून अक्षरांच्या पोटात बारीक बारीक भोकं, साबुदाण्याच्या पापडासारखी, आणि कडेवरून शिवण घासून काढल्याची रेघ. उरकुंडं अतिनील दिव्याखाली धरली तर कागद निळाभोर चमकला. कागद पांढरा दिसावा म्हणून घालतात ते केमिकल दुसऱ्या महायुद्धानंतरचं आहे, १८५४ चा कागद असा चमकत नाही. रिबिनीचा दोराही चमकला. असा छोटा दिवा दहा-पंधरा युरोला मिळतो, घ्याच.

त्या माणसाचं उत्तर काय? आतापर्यंत गोड इंग्रजी, आता एकदम वकिली जर्मन. खाजगी विक्री, परत घेणार नाही, आणि शिक्क्याबद्दल म्हणे सोनाराने नंतर करून दिलेली दुसरी प्रत असेल. असं असतं, लोक वापरायला दुसरी प्रत करून घ्यायचे. पण मग '१८५४ चं मूळ पदक' असं तू लिहिलंस कशाला? यावर उत्तर नाही. २०० बद्दल तर अक्षर नाही. मग ब्लॉक.

आता सरकारी दरबार. पोलीस चौकीत गेले तर म्हणे ऑनलाइन भरा. ऑनलाइन भरलं तर फक्त नंबर आला. नंबर घेऊन फोन केला तर साहेबांचा पहिला प्रश्न, त्यावर स्वस्तिक, म्हणजे नाझींचं चिन्ह, आहे का? अहो, १८५४! नाही म्हटल्यावर त्यांचा इंटरेस्टच संपला. चॅटचे सगळे स्क्रीनशॉट, कडेचा फोटो, दोन तारखा, सगळं मी ओळीने लावून दिलं होतं, शाळेतल्या पोराला कळेल असं. ते कुणी उघडून वाचलं असेल यावर माझा काडीचा विश्वास नाही. मग सरकारी वकिलाकडून एक पानी पत्र, कलम १७० पोटकलम २, पुरेसा संशय नाही, फाइल बंद, दिवाणी कोर्टात जा. पेमेंटवाले म्हणाले मित्राला पाठवलेत, आमचा संबंध नाही. जाहिरातीची साइट म्हणाली आम्ही व्यवहारात पक्षकार नाही. ग्राहक सल्लावाले म्हणाले दोन खाजगी माणसांचं आम्ही बघत नाही. प्रत्येकाचं उत्तर नम्र, प्रत्येकाच्या खाली सही, आणि प्रत्येकजण पुढच्याच्या दारात पाठवणार. टॅक्सची तारीख एक दिवस चुकली तर हेच लोक घर शोधत येतात. इथे माणसाचा बँक खात्याचा नंबर, फोन, पत्ता हातात दिला तरी संशय पुरेसा नाही!

शेवटी वकील. पहिल्या सल्ल्याचे १९० अधिक व्हॅट, २२६ युरो १० सेंट. त्याने सांगितलं की माहिती असून खोटं सांगितलं असेल तर 'खाजगी विक्री'ची ढाल चालत नाही, कायदा तुमच्या बाजूने आहे. फक्त त्याला माहिती होतं हे तुम्ही सिद्ध करायचं, आणि आजोबांचं मत चालणार नाही, कोर्टमान्य तज्ज्ञ लागेल, त्याची फी पदकापेक्षा जास्त होईल. म्हणजे ६२० च्या आसपासची रक्कम हा माणूस विचार करून ठरवतो. एवढ्यासाठी कुणी कोर्टात जात नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

ॲडव्हान्स कुणालाच देऊ नका, कितीही जुनी ओळख असो. कड, रिंग आणि मागच्या बाजूचे फोटो उन्हात काढून मागा, आणि 'मूळ पदक' हे शब्द लेखी घ्या. तुमच्या देशाबद्दल, भाषेबद्दल विक्रेता फार जिव्हाळ्याने बोलायला लागला तर तिथेच उठा.

आणि एक, हे लक्षात ठेवा. माझ्या पदकावर 'गेफार'च्या पहिल्या अक्षराखाली एक छोटी तिरकी खोच आहे. काल रात्री वेगळ्या नावाने, वेगळ्या रिबिनीवर एक रेटुंग्समेडाल्ये विकायला आलेलं दिसलं, त्याच जागी तीच तिरकी खोच. एकाच साच्यातून काढलेत सगळे. मागणी ७४० युरो. मी लगेच रिपोर्ट केलं, मशीनचं उत्तर आलं की आम्ही तपासून पाहू, आणि हे टाइप करतेय तोपर्यंत ती जाहिरात तशीच आहे. दिसली तर घेऊ नका, आणि तुम्हीही रिपोर्ट करा.