सिट्झ बाथचा टब, गोल उशी आणि दोन मलमं: गुठळी झालेल्या मूळव्याधीत काय कामाला आलं

मी शिवणकाम करते. दिवसाचे आठ-नऊ तास मशीनवर बसून जातात. दोन महिन्यांपूर्वी हे बसणंच दहा दिवस बंद पडलं, कारण बाहेरच्या मूळव्याधीत रक्ताची गुठळी झाली. त्या दिवसांत मी कमोडवर ठेवायचा सिट्झ बाथचा टब (त्यातल्या गरम पाण्यात बसून फक्त दुखरी जागा शेकायची), मधे भोक असलेली गोल उशी आणि पाय टेकायचं स्टूल अशा तीन वस्तू घेतल्या. टब घेण्याआधी मी लोकांचे अभिप्राय खूप वाचले. सगळीकडे 'छान आहे, आराम पडला' एवढंच लिहिलेलं. टबाची कड टोचते का, पाणी किती वेळ गरम राहतं, उठताना काय होतं, हे कुणी सांगितलेलं नव्हतं. म्हणून मी सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात अशी झाली. तीन दिवस पोट साफ नव्हतं, चौथ्या दिवशी बराच वेळ कुंथावं लागलं आणि त्याच दुपारी कापडाचा जड गठ्ठा एकटीने उचलला. संध्याकाळी अंघोळ करताना हाताला गाठ लागली. कोटाच्या मोठ्या बटणाएवढी, टणक. सकाळी आरशात पाहिली तर निळसर जांभळी, कातडी ताणून चकाकत होती. बसवेना, खोकला आला तरी डोळ्यांत पाणी यायचं. पुढचे दोन दिवस ठणका वाढतच गेला.

अवघड जागेचं दुखणं, सांगायचं कुणाला? आमच्या यांना मी दुसऱ्या दिवशी रात्री सांगितलं. तिसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानातून, काय झालंय ते नीट न सांगताच, एक मलम आणलं. डॉक्टरांकडे गेले ती पाचव्या दिवशी. तपासायला त्यांना दोन मिनिटंही लागली नाहीत, आणि त्या दोन मिनिटांच्या लाजेपायी मी चार रात्री जागून काढल्या होत्या.

त्यांनी समजावून सांगितलं ते असं. आतल्या मूळव्याधीतून रक्त जातं, पण ती सहसा दुखत नाही. ही बाहेरची. इथल्या कातडीत वेदना जाणवणाऱ्या नसा भरपूर असतात, आणि कातडीखालच्या शिरेत रक्त गोठून ती एकदम ताणली गेली की असह्य दुखतं. ठणका पहिल्या दोन-तीन दिवसांत शिगेला पोचतो, मग आपोआप उतरू लागतो. पहिल्या 72 तासांत माणूस आला आणि दुखणं सहन होत नसेल, तर तेवढ्या जागेला भूल देऊन गाठ कापून काढता येते. नुसती चीर देऊन गुठळी पिळून काढली तर ती जागा पुन्हा भरण्याची शक्यता जास्त, म्हणून वरच्या थोड्या कातडीसकट सगळी गाठच काढतात. माझे ते तीन दिवस निघून गेले होते आणि ठणका उतरणीला लागला होता. आता कापलं तर बरं होत आलेल्या जागी नवी जखम करून ठेवायची, त्यापेक्षा थांबू, असं त्यांचं म्हणणं पडलं. ही गुठळी सुटून हृदयात तर जाणार नाही ना, हा प्रश्न चार रात्री माझ्या मनात होता. तो मी धीर करून विचारला. तशी ती जात नाही, म्हणाले. त्या एका उत्तराने मला गोळीपेक्षा जास्त झोप लागली.

आता टब. कमोडची वरची सीट उचलायची आणि भांड्याच्या रुंद कडेवर हा पसरट टब बसवायचा. मागच्या बाजूला लांबट खाचा आहेत. आपण बसलो की वर आलेलं पाणी त्यांतून खाली कमोडमध्ये जातं, जमिनीवर सांडत नाही. ही रचना चांगली आहे. पण घेण्याआधी आपल्या कमोडचं तोंड आतून मोजून घ्या, लांबी आणि रुंदी दोन्ही. माझा टब लांबीला बसला, पण रुंदीला दोन्हीकडे बोटभर जागा राहिली, त्यामुळे एका बाजूला भार दिला की तो सरकतो. पहिल्यांदा कपड्यांसकट, पाणी न घालता बसून पाहा. दुखत असताना टब हलला तर काय होतं ते मी अनुभवलं आहे.

कडेबद्दल मुद्दाम लिहिते. शिवण तपासायची सवय असल्याने माझं बोट आपोआप कडेवरून फिरलं, आणि डाव्या बाजूला प्लास्टिकच्या सांध्याची एक बारीक धार लागली. साच्यातून काढल्यावर ती घासायला हवी होती, ती कुणी घासलेली नव्हती. एरवी कुणाच्या लक्षातही येणार नाही, पण सुजलेल्या जागेजवळ ती धार दोऱ्यासारखी कापते. मी बारीक पॉलिश पेपरने ती गुळगुळीत केली, मग साबणाने धुतली. टब हातात आला की आधी हे करा.

सोबत पाण्याची पिशवी आणि नळी येते. पिशवी उंच टांगायची आणि नळीतून गरम पाण्याची धार सोडायची. नळीचा चिमटा पहिल्याच दिवशी गळू लागला, आणि धार नेमकी दुखऱ्या जागी लागली तेव्हा मी कळवळले. दोन दिवसांनी पिशवी काढून ठेवली, तिच्यावाचून काही अडलं नाही. मीठ किंवा जंतुनाशकही लागत नाही. मी एकदा हौसेने जंतुनाशकाचे चार थेंब टाकले आणि नंतर तासभर आग होत होती. साधं स्वच्छ पाणी पुरतं, हे डॉक्टरांनीही सांगितलं.

पाणी साधारण 40 अंश, म्हणजे मनगटाच्या आतल्या बाजूला ऊबदार लागेल पण चटका बसणार नाही इतकं. टब उथळ असल्याने ते लवकर निवतं, दहाव्या मिनिटाला अगदी कोमट होतं. म्हणून जवळ मगात थोडं जास्त गरम पाणी ठेवायचं. घालायच्या वेळी उठायचं, कडेने ओतायचं, हाताने ढवळायचं आणि मगच बसायचं. बसल्याबसल्या गरम पाणी ओतू नका. दहा ते पंधरा मिनिटं पुरे. मी दिवसातून तीनदा बसायची, आणि त्यातली एक वेळ शौचाहून आल्या आल्या. तीच सगळ्यात गरजेची. उठताना मात्र सावकाश. गरम पाण्याने रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब थोडा उतरतो. पहिल्या दिवशी मी झटक्यात उठले आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन भिंत धरली. पुसायला माझ्याकडे मलमलीचे उरलेले तुकडे होते. ते उकळून वाळवले आणि नुसते टेकवून पाणी टिपलं. घासायचं नाही.

गुण आला का? टबाने गुठळी विरघळत नाही. ती शरीर आपल्या गतीने जिरवतं, त्याला आठवडे लागतात. पण वेदनेने गुदद्वाराचा स्नायू आवळून बसतो, त्या आवळण्याने ठणका आणखी वाढतो, आणि ऊब लागली की तो स्नायू सैल पडतो. मला दर वेळी तासभर तरी माणसासारखं वाटायचं. त्या तासात मी जेवायची, नाहीतर झोपायची. पहिल्या दोन दिवसांत, सूज वाढत असताना, कापडात गुंडाळलेल्या बर्फाने दहा मिनिटं शेकणं जास्त सुखाचं वाटलं होतं. टब आला तो चौथ्या दिवशी.

एक तक्रार आहे. वेष्टन साधं असेल असं विक्रेत्याने लिहिलं होतं, प्रत्यक्षात खोक्यावर वस्तूचं नाव आणि चित्र ठळक छापलेलं. खोकं दारात माझ्या सासऱ्यांनी घेतलं. ते काही बोलले नाहीत, मीही नाही. पण अशा दुखण्यात माणूस आधीच संकोचलेला असतो, त्याचं गुपित राखणं हा त्या वस्तूचाच भाग आहे असं मी मानते.

गोल उशी घेऊ नका. मी शिवणकाम करणारी आहे, उशीतलं मला थोडं कळतं. भोकाच्या कडेला सगळा भार येतो, मधला भाग लोंबकळतो आणि सूज खाली ओढली जाते. तिच्यावर अर्धा तास बसून उठले की गाठ जास्त भरल्यासारखी लागायची. शेवटी मी चार इंच जाडीच्या मऊ फोमची साधी सपाट उशी शिवली, वर सुती अभ्रा घातला. तिच्यावर थोडं पुढे झुकून बसलं की भार मांड्यांवर जातो. आणि दर अर्ध्या तासाने उठायचं. उशी कितीही चांगली असली तरी हे उठणं चुकत नाही.

मलमांचं थोडक्यात. दुकानातून आणलेल्या मलमात स्टेरॉइड होतं. खाज आणि सूज त्याने कमी झाली, पण ते आठवड्यापलीकडे लावू नये, कातडी पातळ होते, हे डॉक्टरांनी नळी पाहताच बजावलं. त्यांनी लिहून दिलेल्या मलमात निफेडिपिन आणि भूल आणणारं लिग्नोकेन होतं. निफेडिपिन एरवी रक्तदाबाचं औषध, पण तिथे लावलं की आवळलेला स्नायू सैल करतं. शौचाला जाण्याआधी बोटाच्या टोकाएवढं लावलं की धास्ती अर्धी व्हायची. दुखण्यावर पॅरासिटामॉल घेतली. कोडीनसारख्या गोळ्यांनी दुखणं थांबतं पण पोट बांधलं जातं, त्यामुळे त्या टाळायला सांगितल्या होत्या.

सगळं शेवटी येऊन थांबतं ते शौच मऊ होण्यावर. रात्री एक चमचा इसबगोल पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचा, वर आणखी एक पेला पाणी. पाणी कमी पडलं तर तोच इसबगोल आत घट्ट बसतो, पहिल्या दिवशी माझं तसंच झालं होतं. पहिले चार दिवस लॅक्टुलोजचं औषधही होतं, त्याने पोट फुगलं पण काम झालं. पाय टेकायचं स्टूल मात्र उत्तम निघालं. नऊ इंच उंच, पाय त्यावर ठेवले की गुडघे कमरेच्या वर येतात आणि कुंथावं लागत नाही. ओल्या फरशीवर ते सरकतं, म्हणून खाली रबराचा तुकडा चिकटवला. पाच मिनिटांत झालं नाही तर उठायचं, फोन बाहेर ठेवायचा.

सातव्या दिवशी मलमलीच्या तुकड्यावर काळपट लाल डाग दिसला. हात थरथरले. पण गुठळीवरची कातडी कधीकधी आपोआप फाटते आणि जुनं रक्त बाहेर येतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. स्वच्छ कापड दहा मिनिटं दाबून धरलं, रक्त थांबलं, आणि त्याबरोबर आतला ताण असा उतरला की मी तिथेच बसून रडले. म्हणून सुई घेऊन आपणच फोडायला जाऊ नका. त्यात जंतुसंसर्ग होण्याची, रक्त न थांबण्याची भीती असते. दाबूनही रक्त थांबलं नाही, ताप आला, पू दिसला, लघवी अडली किंवा चौथ्या दिवसानंतर दुखणं उतरायच्या ऐवजी वाढलं, तर टब बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांकडे जा. आणि शौचातून रक्त जात असेल तर मूळव्याधच असणार असं घरीच ठरवू नका, तपासून घ्या.

आता गाठ नाही. तिच्या जागी कातडीची एक सैल घडी राहिली आहे. भरलेल्या उशीतला कापूस काढला की अभ्रा जसा ढिला पडतो, तशी. ती दुखत नाही. धुताना जरा लक्ष द्यावं लागतं एवढंच, आणि काही त्रास नसेल तर ती काढायची गरज नाही असं डॉक्टर म्हणाले.

गेल्या आठवड्यात एक ताई ब्लाउज सैल करायला आल्या. बाळंतपणाला पंधरा दिवस झालेले. खुर्चीवर बसायला नको म्हणाल्या, आणि कशा उभ्या होत्या ते पाहून मला कळलं. मी दार लोटून घेतलं, त्यांना सपाट उशी दिली आणि सगळं सांगितलं. बाळंतपणात कुंथून हे पुष्कळ जणींना होतं, आजच डॉक्टरांना दाखवा, म्हटलं. माझा टब त्यांना दिला नाही, ती वस्तू एकाचीच असावी. कमोड कसं मोजायचं ते कागदावर काढून दिलं, आणि कड घासायला पॉलिश पेपरचा एक तुकडा.